दोन म्युटेक्स, तीन टास्क आणि दोन-तीन दिवसांनी अडकणारे उपकरण: लॉक सुरक्षितपणे कसे हाताळावेत?

प्रश्न — सेन्सरवाला

नमस्कार.

मी तापमानाची नोंद ठेवणाऱ्या एका उपकरणाचे फर्मवेअर (उपकरणातच बसवलेला प्रोग्राम) लिहीत आहे. मायक्रोकंट्रोलर कॉर्टेक्स-एम४ आहे आणि त्यावर फ्रीआरटीओएस ही अनेक कामे (टास्क) आलटूनपालटून चालवणारी छोटी कार्यप्रणाली चालते. एकूण तीन टास्क आहेत. सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचा सेन्सर टास्क दर १०० मिलिसेकंदांनी आय-टू-सी बसवरून (अनेक चिप जोडणाऱ्या सामाईक तारांवरून) तापमान वाचतो, मधल्या प्रायॉरिटीचा संपर्क टास्क सिरियल पोर्टवर आलेल्या आज्ञा हाताळतो आणि सर्वांत खालचा नोंद टास्क दर मिनिटाला रॅममधील नोंदींचा बफर (तात्पुरता साठा) ईईप्रॉमवर, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपवर, उतरवतो. सेन्सर आणि ईईप्रॉम एकाच बसवर असल्यामुळे मी बससाठी एक लॉक (एका वेळी एकालाच वापर करू देणारी कुलपासारखी सोय) ठेवले आहे आणि नोंदींच्या बफरसाठी दुसरे.

उपकरण प्रत्यक्ष जागेवर बसवल्यावर दोन-तीन दिवस नीट चालते आणि मग अडकते. शेवटी वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकल्यास उपकरण पुन्हा सुरू करणारा टायमर, त्याला रीसेट करतो. टेबलावर डीबगर लावून आठवडाभर चालवले तरी ते एकदाही अडकले नाही.

कोडची मांडणी अशी आहे. सेन्सर वाचणारे फंक्शन बस-लॉक घेते, वाचन करते आणि वाचन फसले तर तिथेच त्रुटी नोंदवणारे फंक्शन बोलावते. ते फंक्शन आत नोंद-लॉक घेते. नोंद टास्क आधी नोंद-लॉक घेतो, मग ६४ बाइट हे ३२-३२ बाइटच्या दोन पानांत ईईप्रॉमवर लिहितो आणि प्रत्येक पानापुरते बस-लॉक घेऊन सोडतो. सगळीकडे लॉकसाठी अमर्याद प्रतीक्षा ठेवली आहे. बस-लॉक मी बायनरी सेमाफोर (घेता-सोडता येणारी, पण मालक नसलेली खूण) वापरून केले आहे, कारण त्याचा उपयोग म्युटेक्ससारखाच, म्हणजे घेणाऱ्या टास्कला मालक मानणाऱ्या लॉकसारखाच, होतो असा माझा समज होता. याशिवाय एका बटणाचा इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) आहे. त्याच्या हँडलरमध्ये (इशारा येताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मी नोंद-लॉक शून्य प्रतीक्षेने मागतो आणि मिळाले तर बटण दाबल्याची नोंद लिहितो.

माझ्या मनात तीन उपाय आहेत: प्रत्येक लॉकला ५० मिलिसेकंदांचा टाइमआउट (प्रतीक्षेची कमाल मर्यादा) देणे, दोन्हींच्या जागी एकच मोठे लॉक ठेवणे, किंवा बसवर काम चालू असताना इंटरप्ट बंद करणे. यांपैकी कोणता मार्ग योग्य आहे?

उत्तर — स्थिर_घटिका

तुमच्या वर्णनातच कारण आहे, आणि ते तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की कोड न पाहताही ते दिसते. सेन्सर टास्क आधी बस-लॉक आणि नंतर नोंद-लॉक घेतो, तर नोंद टास्क आधी नोंद-लॉक आणि नंतर बस-लॉक घेतो. या उलटसुलट क्रमातूनच डेडलॉक होतो, म्हणजे दोन टास्क एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. मात्र सेन्सर टास्क दुसरे लॉक फक्त वाचन फसल्यावरच मागतो, त्यामुळे सगळे सुरळीत असताना हा क्रम कधीच समोर येत नाही. टेबलावर सेन्सरची तार आखूड असते, वाचन फसत नाही आणि म्हणून उपकरण अडकतही नाही. दोष डीबगरमुळे लपला असे वाटते, पण बहुधा तो आखूड तारेमुळे लपला असावा.

घटना कशी घडते ते एकदा संथपणे पाहू. सेन्सर टास्कने बस-लॉक घेऊन वाचन सुरू केले. ट्रान्सफर इंटरप्टवर चालत असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत हा टास्क झोपतो आणि प्रोसेसर खालच्या टास्ककडे जातो. नेमके त्याच क्षणी मिनिट पूर्ण झाल्यामुळे नोंद टास्क जागा होतो, नोंद-लॉक घेतो, बस-लॉक मागतो आणि थांबतो. इकडे सेन्सरने प्रतिसाद दिला नाही. सेन्सर टास्क उठतो, त्रुटी नोंदवायला जातो आणि नोंद-लॉकपाशी थांबतो. आता दोघेही एकमेकांच्या हातातील वस्तूची वाट पाहत आहेत आणि प्रायॉरिटी कितीही असली तरी त्यातून सुटका नाही. दुसरी फट दोन पानांच्या मध्ये आहे. ईईप्रॉमला एक पान आत लिहून घ्यायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. त्या काळात तुम्ही बस-लॉक सोडता, पण नोंद-लॉक हातातच राहते. तेवढ्यात सेन्सर टास्कने बस घेतली आणि वाचन फसले, तर निकाल तोच.

टेबलावर हे घडवून पाहायचे असेल तर सेन्सरची तार सरळ काढून टाका, म्हणजे प्रत्येक वाचन फसेल. त्याबरोबर नोंद टास्कचा कालावधी एका मिनिटावरून ९७३ मिलिसेकंदांवर आणा. १००० मिलिसेकंद ठेवू नका, कारण ती संख्या १०० च्या पटीत आहे आणि दोन्ही टास्क एकाच टिकवर (प्रणालीच्या घड्याळाच्या ठोक्यावर) चालत असल्यामुळे त्यांच्यातील अंतर प्रत्येक वेळी तेच राहू शकते. मग फट कधी सापडतच नाही. ९७३ ठेवल्यास हे अंतर दर वेळी सरकते आणि शंभर फेऱ्यांत, म्हणजे दीड-दोन मिनिटांत, १०० मिलिसेकंदांतील प्रत्येक जागा एकदा तपासली जाते.

दुरुस्तीबाबत माझे मत स्पष्ट आहे: इथे दोन लॉक एकाच वेळी हातात असण्याची गरजच नाही, आणि जिथे ती गरज नसते तिथे क्रम ठरवत बसण्यापेक्षा एक लॉक सोडून मगच दुसरे घेणे केव्हाही चांगले. सेन्सर टास्कने त्रुटीचा क्रमांक स्थानिक चलात ठेवावा, बस-लॉक सोडावे आणि मग त्रुटी नोंदवावी. नोंद टास्कने नोंद-लॉक घेऊन ६४ बाइट स्वतःच्या अॅरेमध्ये उतरवून घ्यावेत, लॉक लगेच सोडावे आणि मग निवांतपणे बसवर लिहावे. उतरवून घ्यायला काही मायक्रोसेकंद लागतील. आज मात्र तुम्ही नोंद-लॉक किती काळ धरता ते मोजा: १०० किलोहर्ट्झच्या बसवर प्रत्येक बाइटला ९ बिट लागतात, पत्त्याचे ३ आणि माहितीचे ३२ असे ३५ बाइट धरले तर ३१५ बिट, म्हणजे ३.१५ मिलिसेकंद, अधिक लेखनाचे ५, आणि अशी दोन पाने. सोळा मिलिसेकंदांहून अधिक काळ बफर विनाकारण बंद राहतो.

यात एक बारकावा आहे. लिखाण फसले तर नोंदी हरवू नयेत, म्हणून प्रत घेताना बफरमधून त्या काढू नका. लिखाण यशस्वी झाल्यावर नोंद-लॉक पुन्हा घ्या आणि तेव्हा शेपटीचा निर्देशांक (बफरमधील सर्वांत जुन्या नोंदीची जागा) पुढे सरकवा. शेपटी फक्त नोंद टास्कच हलवतो आणि बफर भरल्यास नवी नोंद नाकारून तेवढी संख्या मोजली जाते, असा नियम पाळला तर मधल्या काळात कोणी काही लिहिले तरी गोंधळ होत नाही.

आता तुमचे तीन उपाय. एकच मोठे लॉक केले, तर त्रुटी नोंदवणारे फंक्शन टास्कच्या हातात असलेलेच लॉक पुन्हा मागेल आणि साध्या म्युटेक्सवर तो टास्क स्वतःचीच वाट पाहत बसेल. रिकर्सिव्ह म्युटेक्सने (जे त्याचा मालक पुन्हा घेऊ शकतो) हे टळते, पण मग बफर अर्धवट बदललेल्या अवस्थेत असतानाही आतले फंक्शन त्यावर काम करू शकते, आणि असा दोष शोधणे डेडलॉकपेक्षा कठीण असते. इंटरप्ट बंद करण्याचा विचार सोडून द्या. तुमचा ट्रान्सफर इंटरप्टवर चालत असेल तर तो पूर्णच होणार नाही. तो पोलिंगने (काम झाले का हे सतत तपासत राहून) चालत असला तरी ३ मिलिसेकंद इंटरप्ट रोखल्यावर सिरियल पोर्टच्या ११५२०० बॉड या वेगावर, जिथे एक बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येतो, छत्तीसच्या आसपास बाइट येऊन जातील आणि डीएमए (प्रोसेसरविना माहिती मेमरीत उतरवणारे हार्डवेअर) नसेल तर त्यांतील बहुतेक हरवतील. टाइमआउटबद्दल इतरांनीही लिहावे, कारण त्यावर मतभेद असतात.

उत्तर — रजिस्टर_वाचक

वरील विश्लेषण योग्य आहे. मी बायनरी सेमाफोरबद्दल लिहितो, कारण हा दुसरा, स्वतंत्र दोष आहे आणि डेडलॉक दुरुस्त केल्यावरही तो शिल्लक राहील.

फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्सला प्रायॉरिटी इन्हेरिटन्स असते, बायनरी सेमाफोरला नसते. समजा, नोंद टास्कने बस-लॉक घेतले आहे आणि सेन्सर टास्क त्यासाठी थांबला आहे. तेवढ्यात संपर्क टास्कला मोठी आज्ञा आली आणि तो चेकसम (माहिती बरोबर आली का हे तपासणारी संख्या) काढण्यात गुंतला. संपर्क टास्कची प्रायॉरिटी नोंद टास्कपेक्षा वर असल्यामुळे नोंद टास्कला प्रोसेसर मिळत नाही, तो लॉक सोडू शकत नाही आणि सर्वांत महत्त्वाचा सेन्सर टास्क, लॉकशी काहीही संबंध नसलेल्या मधल्या टास्कमुळे, कितीही काळ खोळंबतो. यालाच प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. म्युटेक्स असते तर सेन्सर टास्क थांबताक्षणी नोंद टास्कला तात्पुरती वरची प्रायॉरिटी मिळाली असती.

हा प्रकार किती खरा आहे याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९७ च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान. तिथेही खालच्या प्रायॉरिटीच्या हवामान टास्कच्या हातात म्युटेक्स होते, वरचा टास्क त्यासाठी थांबला होता आणि मधले टास्क प्रोसेसर अडवून बसले होते. ठरलेल्या वेळेत काम न झाल्यामुळे यानाची संगणकप्रणाली पुन्हापुन्हा रीसेट होत होती. यानावरील व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत इन्हेरिटन्सची सोय होती, फक्त त्या म्युटेक्ससाठी ती चालू नव्हती. पृथ्वीवर दोष पुन्हा घडवून पाहिल्यानंतर ती दुरून चालू करण्यात आली.

दोन मर्यादा लक्षात असू द्या. इन्हेरिटन्समुळे डेडलॉक टळत नाही. उलट क्रम असेल तर वरची प्रायॉरिटी मिळालेला टास्कही अडकूनच राहतो. दुसरे असे की फ्रीआरटीओएसमध्ये एखाद्या टास्कने एकापेक्षा अधिक म्युटेक्स धरली असतील, तर ती सर्व परत केल्यावरच त्याची प्रायॉरिटी मूळ पातळीवर येते. म्हणूनही दोन लॉक एकत्र न धरणे हिताचे.

उत्तर — इंटरप्टचा_अभ्यासक

बटणाच्या हँडलरबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. हँडलरमध्ये म्युटेक्स घेऊच नये, प्रतीक्षा शून्य असली तरीही. म्युटेक्सला मालक असतो आणि तो मालक टास्क असतो. इंटरप्ट हा टास्क नाही. तुमच्या हँडलरने म्युटेक्स घेतले तर त्या क्षणी जो टास्क योगायोगाने चालू होता तोच मालक म्हणून नोंदला जाईल आणि पुढचा सगळा हिशेब चुकेल. शिवाय लॉक मिळाले नाही तर तुमची बटणाची नोंद गुपचूप हरवते, ते वेगळेच.

हँडलरने फक्त इशारा द्यावा: इंटरप्टसाठी असलेल्या टास्क-नोटिफिकेशनच्या फंक्शनने नोंद टास्कला जागे करावे किंवा लहानशा क्यूमध्ये (रांगेत) बटणाचा क्रमांक आणि वेळ टाकावी, आणि नोंद लिहिण्याचे काम टास्कनेच करावे. कॉर्टेक्स-एमवर अशी फंक्शने वापरणाऱ्या इंटरप्टची प्रायॉरिटी फ्रीआरटीओएसने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतच असायला हवी. तिथे लहान अंक म्हणजे वरची प्रायॉरिटी असल्यामुळे हा आकडा उलटा ठेवला जाण्याची चूक फार वेळा होते. कॉन्फिगअॅसर्ट, म्हणजे फ्रीआरटीओएसमधील चुका पकडणारी तपासणी, चालू करा. कॉर्टेक्स-एम४ च्या पोर्टमध्ये (त्या प्रोसेसरसाठीच्या आवृत्तीत) टास्कसाठीचा क्रिटिकल सेक्शन (मध्येच व्यत्यय येऊ न देणारा कोडचा तुकडा) हँडलरमधून सुरू केला तर ते तिथल्या तिथे थांबवते.

आणखी एक गोष्ट तपासा. टास्क आणि इंटरप्ट यांच्यात वाटून घेतलेले चल तुम्ही केवळ व्होलाटाइल केले असतील, तर ते पुरेसे नाही. व्होलाटाइलमुळे कंपायलर प्रत्येक वेळी मेमरीतून वाचतो, एवढेच. ३२-बिट प्रोसेसरवर ६४-बिट वेळ दोन तुकड्यांत वाचली जाते आणि त्या दोन तुकड्यांच्या मध्ये इंटरप्ट आला तर वरचा अर्धा जुना आणि खालचा अर्धा नवा, अशी कधीच अस्तित्वात नसलेली वेळ तुमच्या हाती येते. प्रोसेसरच्या अशा दोन-चार सूचनांपुरता क्रिटिकल सेक्शन योग्यच आहे; तो इतका लहान असावा की आतले सगळे डोळ्यांसमोर एका नजरेत मावेल, आणि त्यात कोणतेही थांबणारे फंक्शन नसावे.

उत्तर — बफर_आणि_बस

टाइमआउटबद्दल. तुम्ही ५० मिलिसेकंदांचा टाइमआउट दिलात तर उपकरण अडकणे बहुधा थांबेल आणि तुम्हाला दोष गेला असे वाटेल. प्रत्यक्षात सेन्सर टास्क ५० मिलिसेकंद वाट पाहून त्रुटीची नोंद टाकून देईल आणि पुढे जाईल. म्हणजे ज्या क्षणी काहीतरी बिघडले नेमक्या त्याच क्षणाची नोंद गळेल. तापमानाची नोंद हेच ज्या उपकरणाचे काम आहे, त्यात हे मला मान्य होणार नाही.

तरीही मी अमर्याद प्रतीक्षेच्या विरोधात आहे. माझ्या दृष्टीने टाइमआउट ही धोक्याची घंटा आहे: तो इतका मोठा ठेवावा की निरोगी प्रणालीत कधीच संपू नये, आणि संपला तर कोणते लॉक हवे होते, कोणाला हवे होते आणि ते कोणाच्या हातात होते हे रीसेटच्या वेळी शून्य न होणाऱ्या रॅमच्या भागात लिहून मगच रीसेट करावे. म्युटेक्स सध्या कोणाकडे आहे हे सांगणारे फंक्शन फ्रीआरटीओएसमध्ये उपलब्ध आहे. वीज न जाता वॉचडॉगने रीसेट केले तर ती माहिती साधारणपणे टिकते आणि पुढच्या सुरुवातीला वाचता येते.

टाइमआउट देणाऱ्यांच्या कोडमध्ये मला सर्वाधिक वेळा दिसलेली चूक म्हणजे लॉक मिळाले की नाही हे न तपासता पुढे जाणे. मग लॉक नसतानाच माहिती बदलली जाते आणि शेवटी दुसऱ्याच्या हातातील म्युटेक्स सोडण्याचा प्रयत्न होतो. मी स्वतः एका प्रकल्पात असा दोष नऊ दिवस शोधला होता. फंक्शनच्या मध्यावर एक घाईचा रिटर्न होता, त्या वाटेवर लॉक सोडले जात नव्हते आणि ती वाट फक्त चेकसम चुकल्यावर लागत होती. तेव्हापासून सीमध्ये लॉक घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनला मी बाहेर पडण्याचे एकच दार ठेवतो आणि सगळे त्रुटीमार्ग गोटूने (थेट उडी मारणाऱ्या आज्ञेने) तिथे आणतो. सी++ असेल तर लॉक-गार्ड वापरा. कोणत्याही मार्गाने बाहेर पडलात तरी त्याचा डिस्ट्रक्टर (शेवटी आपोआप चालणारे फंक्शन) लॉक सोडतोच. टास्क डिलीट करत असाल तर तेही पाहा, कारण मेलेल्या टास्कच्या हातातील म्युटेक्स फ्रीआरटीओएस आपणहून सोडवत नाही.

बसबद्दल मात्र मी वेगळे सुचवेन. बस-लॉक काढूनच टाका आणि बस एका स्वतंत्र टास्कच्या ताब्यात द्या; इतरांनी त्याच्या क्यूमध्ये विनंती टाकावी. मालक एकच असला की लॉकचा प्रश्नच उरत नाही.

उत्तर — स्थिर_घटिका

टाइमआउटबाबत मी पूर्ण सहमत आहे. बसच्या स्वतंत्र टास्कबाबत थोडा असहमत आहे. विनंती टाकून सेन्सर टास्क उत्तराची वाट पाहत थांबणार असेल, तर ती वाट पाहणे हेही एक लॉकच आहे, फक्त त्याला नाव नाही. उद्या त्या बस-टास्कने त्रुटी नोंदवताना नोंद-लॉक मागितले आणि नोंद टास्क ते लॉक धरून बस-टास्कच्या उत्तरासाठी थांबला असेल, तर तेच वर्तुळ पुन्हा पूर्ण होते. क्यू भरलेली असताना अमर्याद थांबणाऱ्यालाही हेच लागू आहे. दोन उपकरणे आणि दोन वापरकर्ते असताना नवा टास्क, त्याचा स्टॅक (कामाची मेमरी) आणि विनंत्यांचे आयुष्य सांभाळणे मला अधिक खर्चाचे वाटते. बसवर सहा-सात उपकरणे असती किंवा एका विनंतीत अनेक टप्पे असते, तर मीही तोच मार्ग घेतला असता.

पुढे कधी दोन लॉक एकत्र धरणे खरोखर अटळ झाले, तर प्रत्येक लॉकला क्रमांक द्या आणि ते चढत्या क्रमानेच घ्यायचे असे ठरवा. हा नियम कागदावर न ठेवता कोडमध्ये बसवा: लॉक घेण्या-सोडण्याभोवती स्वतःचे छोटे फंक्शन लिहा, प्रत्येक टास्कच्या थ्रेड-लोकल जागेत सध्या हातात असलेल्या लॉकांचे क्रमांक बिटांच्या रूपात ठेवा, आणि चाचणीच्या बिल्डमध्ये हातातील सर्वांत वरच्या क्रमांकाच्या बरोबरीचे किंवा त्याखालचे लॉक मागितले गेले तर अॅसर्टने प्रोग्राम तिथेच थांबवा. याचा मोठा लाभ असा की डेडलॉक प्रत्यक्ष घडण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट क्रमाची वाट एकट्या टास्कने एकदा चालली तरी ती पकडली जाते. लिनक्स कर्नलमधील लॉकडेप हे लॉक तपासणारे साधन याच विचारावर उभे आहे.

प्रश्नकर्त्याचे पुढील टिपण — सेन्सरवाला

सर्वांचे मनापासून आभार. सेन्सरची तार काढून आणि कालावधी ९७३ मिलिसेकंद ठेवून पाहिले. दोन मिनिटांच्या आत उपकरण अडकले. डीबगरमध्ये बस-लॉक सेन्सर टास्ककडे आणि नोंद-लॉक नोंद टास्ककडे असल्याचे दिसले, म्हणजे वर लिहिले आहे अगदी तसेच.

बस-लॉक आता म्युटेक्स आहे, बटणाचा हँडलर फक्त नोटिफिकेशन पाठवतो आणि दोन्ही टास्क एका वेळी एकच लॉक धरतात. त्यानंतर क्रमांक तपासणारे फंक्शन बसवले आणि संपर्क टास्कच्या सर्व आज्ञा एकेक करून चालवल्या. त्यात एक तिसरी जागा सापडली, जी मी प्रश्नात लिहिलीही नव्हती: सेटिंग बदलण्याची आज्ञा बस-लॉक धरून ईईप्रॉमवर सेटिंग लिहीत होती आणि लिहिलेले परत वाचून जुळले नाही तर, लॉक हातात असतानाच, त्रुटी नोंदवत होती. न जुळण्याची वेळ आतापर्यंत कधी आली नव्हती, म्हणून पडताळणीचा निकाल मी मुद्दाम चुकीचा करून तो मार्ग चालवला होता. तिथेही आता लॉक आधी सोडले जाते.